ब्रेकला घातलेलं तेल

मी मनालीची सायकल बोलतेय. जरा जवळ येऊन ऐका, कारण कालपासून माझा आवाज गेलाय.

दोन हजार सातच्या दिवाळीत मनालीने मला भिवंडीच्या दुकानातून आणलं. गियरची, निळी, दिसायलाही बरी. तिचे वडील तुळशीराम, भिवंडीजवळच्या पूर्णा गावचे. घरामागे त्यांची कापड विणायच्या सोळा लूमची शेड. मला बघून म्हणाले, "कॉलेजला रिक्षा हाय ना, मंग ही कशाला?"

"कॉलेजला नाही पप्पा, फिरायला."

नुसतं फिरायला सायकल चालवणारं माणूस त्यांनी तोवर पाहिलं नव्हतं. पण एकुलत्या लेकीपुढे त्यांचं काय चालणार?

रविवार आमचा. उजाडलं की मनाली आणि तिची मैत्रीण निशा निघायच्या. पाण्याच्या मोठ्या पाइपलाइनच्या कडेने, गोदामं मागे टाकून, दिघाशीकडे. कधी पार अकलोलीला. तिथल्या गरम कुंडात पाय सोडून दोघी तासभर गप्पा हाणायच्या. मी बाहेर उभी. खरं सांगते, मला त्या पोरीचा फार लळा.

आमच्या गल्लीत सुताच्या बारीक तंतूंची धूळ सदा उडत असते. ती रिमवर बसून माझ्या ब्रेकची रबरं दगडासारखी झाली. ब्रेक दाबला की मी अशी किंचाळायचे की माणसं वळून बघायची. मनालीला लाज वाटायची. मी लाजवत नव्हते हो, रबरं बदला म्हणत होते. दहा मिनिटांचं काम!

काल दुपारी तुळशीरामांनी ते किंचाळणं ऐकलं. लूमवाल्याचा कान तो. लूम कुरकुरला की तेल घालायचं आणि शिफ्ट चालू ठेवायची, यातच त्यांचा जन्म गेला.

"आवाज करते म्हंजे तेल न्हाय तिला," म्हणत ते शेडमधून तेलाची बुधली घेऊन आले. रबरांवर घातलं, रिमवर घातलं, वर चाक गरगर फिरवून सगळीकडे पसरवलं. इतक्या मायेने, की मला त्यांचा रागही येईना.

मनालीची आई, कमळ, दारातून म्हणाली, "अवो, दुकानात दाखवा ना तिला."

"तीस वर्सां मशिनी सांभाळतोय मी."

मनालीने अंगणात दोन चकरा मारल्या, ब्रेक दाबला, सवयीने पाय टेकवला. "मस्त पप्पा, गप्प झाली एकदम." बापलेक दोघेही खूश. पण रबरांनी रिम घट्ट धरली तरच मी थांबते, आणि आता ती तेलावर नुसती घसरत होती.

आज सकाळी दिघाशीपाशी एक बकरी आडवी आली. मी थांबलेच नाही, सरकत गेले. मनालीने पाय घासत कसंबसं सावरलं आणि निशाला म्हणाली, "दव पडलंय गं रस्त्यावर." रस्ता कोरडा ठणठणीत होता.

आता अकलोलीच्या अलीकडचा चढ संपलाय. पुढे सरळ उतार, तळाला वळण, आणि वळणावर खाणीतून खडी भरलेले डंपर बाहेर पडतात. एक निघालाय, त्याची घरघर मला इथवर जाणवतेय.

मनाली, बाळ, उतर गं खाली. हातात धरून ने मला. नाहीतर इथेच टाकून दे, भंगारवाला नेईल, चालेल मला.

तिने ओढणी कमरेला घट्ट बांधली. "निशा, बघ हं, आज कसा आवाज न करता जाते," म्हणाली, आणि तिने मला उतारावर सोडलं.