निळे डाग पडलेले फ्लायव्हील

मी एक जुने फ्लायव्हील आहे, आणि मित्रांनो, मी संतापलेलो आहे. माझी कहाणी ऐकलीत तर तुम्हीही संतापाल.

फ्लायव्हील म्हणजे काय, हे तुमच्यापैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसवलेले, ताटाएवढे, नऊ किलोचे लोखंडी चाक म्हणजे मी. इंजिन फिरले की मी फिरतो. क्लचची प्लेट माझ्या पाठीला चिकटली की इंजिनाची ताकद गाडीच्या चाकांपर्यंत जाते. चालकाने पायाने क्लच दाबला की प्लेट माझ्यापासून सुटते. चिकटायचे तर पूर्ण, सुटायचे तर पूर्ण, एवढाच आमचा करार. कोणी आम्हाला अर्धवट लटकत ठेवले की आम्ही एकमेकांवर घासतो आणि तापतो.

मला साच्यात ओतले, लेथ यंत्रावर फिरवून गुळगुळीत केले आणि एका लाल, दोन दारांच्या स्पोर्ट्स कारमध्ये बसवले. पहिल्या मालकाने अकरा वर्षे गाडी हौसेने पण बेताने चालवली. मग ती कर्जतच्या अनुपमने विकत घेतली. अनुपम शिकलेला, हसतमुख, शिक्षकांच्या घरातला. पण गाडीत बसला की त्याचा तोरा विचारू नका! डावा पाय कायमचा क्लचवर, जणू ते पायपुसणेच. चढावर थांबले की हँडब्रेक ओढावा, हे पहिल्या आठवड्यात शिकवतात. अनुपमच्या मते हँडब्रेक फक्त शिकाऊ लोक ओढतात. तो क्लच अर्धा सोडून गाडी चढावर तशीच लोंबकळत ठेवी आणि शेजारी बसलेल्या बायकोकडे, आसावरीकडे, ऐटीत बघे. इकडे माझी पाठ भाजून निघत होती, त्याचे कोणाला काय?

वर्षभरात प्लेट झिजून संपली आणि गाडी चौक गावातल्या बुधाजींच्या गॅरेजात आली. बुधाजी डोंगरपायथ्याच्या वाडीवरचे. हायवेवरचे ट्रक दुरुस्त करता करता त्यांचा हात बसला. त्यांचा एक नियम आहे. खोललेला भाग गोणपाटावर मांडायचा, मालकाला दाखवायचा, मगच नवा बसवायचा. पण अनुपमला यायला वेळ नव्हता. फोनवर म्हणाला, "तू बसव रे, मला काय कळतंय त्यातलं!" बुधाजी त्याच्या बापाच्या वयाचे, आणि हा अरे-तुरे करतो! बुधाजींनी भिडेपोटी ऐकले. मला लेथवर साफ करून घेतले आणि नवी प्लेट कोणालाही न दाखवता बसवली. त्यांनी नियम मोडला तो त्या एकाच वेळी.

चार महिन्यांत तीही प्लेट जळाली. शनिवार होता, नेरळहून माथेरानला चढणाऱ्या गाड्यांची रांग लागली होती. जळका वास सुटला आणि गाडी जागची हलेना. अनुपमने रस्त्याच्या कडेला उभे राहून मोबाइलवर व्हिडिओ केला. "चौकच्या बुधाजीकडे जाऊ नका. खराब भाग बसवून फसवतो." उचलली जीभ लावली टाळ्याला! तो व्हिडिओ कर्जत-खालापुरात घरोघर पोहोचला. मोहोपाड्याच्या कॉलनीतून येणाऱ्या गाड्या बंद झाल्या. वीस वर्षांत कमावलेले नाव दोन दिवसांत मातीत गेले. याला म्हणतात चोर सोडून संन्याशाला फाशी.

अनुपमला जाब विचारायचा होता, म्हणून त्याने गाडी ओढून बुधाजींकडेच आणली. आसावरीही आली.

बुधाजी म्हणाले, "खोलतो. पन या बारीला तुमी हितं बसायचं, साहेब. उठायचं नाय."

गिअरबॉक्स खाली आला. जळून काळी पडलेली प्लेट निघाली. शेवटी माझे बोल्ट सुटले आणि मी गोणपाटावर आलो. माझ्या पाठीवर निळे-जांभळे डाग होते आणि केसासारख्या बारीक चिरा.

"बघ! हेच खराब होतं," अनुपम ओरडला. "तूच बसवलंस ना हे?"

नाचता येईना, अंगण वाकडे! त्या क्षणी मी काय काय म्हणालो, ते मुलांसमोर सांगण्यासारखे नाही.

बुधाजींनी मात्र आवाज चढवला नाही. डागावर बोट ठेवून म्हणाले, "लोखंड निळं कवा पडतं, साहेब? तापल्यावर. मी बसवलं तवा ह्याच्यावर येक डाग नव्हता, लेथवाल्याला इचारा. घाटात गाडी कशावर धरली व्हती?"

उत्तर आसावरीने दिले. "क्लचवर. वीस मिनिटं. मी तीनदा म्हटलं हँडब्रेक ओढ, तर म्हणालास, मला शिकवू नकोस."

"अगं, इथे चारचौघांत कशाला..."

"व्हिडिओ काय घरात बसून केला होतास?"

दोन दिवसांनी नवे फ्लायव्हील आणि नवी प्लेट आली. अनुपम पुन्हा स्टुलावर बसला आणि बुधाजींनी एकेक बोल्ट त्याच्या डोळ्यांदेखत आवळला. किल्ली घेताना तो पुटपुटला, "तो व्हिडिओ काढून टाकतो मी. झालं ना?"

"नाय झालं," बुधाजी म्हणाले. "ज्यांनी बगितला त्यांच्या डोक्यातनं कसा काढनार? दुसरा बनवा. ह्याला हातात धरून." आणि त्यांनी मला उचलून त्याच्या हातांत दिले.

आसावरीने मोबाइल धरला. "नमस्कार," अनुपम म्हणाला, "माझा थोडा गैरसमज झाला होता..."

तिने मोबाइल खाली घेतला. "गैरसमज कसला? परत म्हण."

नऊ किलो हातांत धरून बघा एकदा. त्याने मला पोटाशी टेकवले, तशी माझी काजळी त्याच्या पांढऱ्या शर्टाला लागली. मीही अंग मुळीच हलके केले नाही.

"मी अनुपम. घाटात हँडब्रेक न ओढता मी गाडी क्लचवर धरून ठेवली. क्लच मी जाळला. बुधाजीकाकांचं काम चोख होतं. मी त्यांच्याबद्दल खोटं बोललो."

मित्रांनो, मी आता पुन्हा गाडीत जाणार नाही. चिरा पडलेल्या फ्लायव्हीलचा भरवसा नसतो, हे मलाही कळते. त्याचे वाईट वाटते, पण झिजणे हे माझे कामच होते. कष्टकऱ्याच्या नावाला काळे फासलेले मात्र मला आजही सहन होत नाही. उद्या तुम्ही गाडी चालवाल. चढावर थांबलात तर निमूट हँडब्रेक ओढा. आणि गाडी बिघडलीच, तर कोणाकडे बोट दाखवण्याआधी खाली वाकून आपला पाय कुठे आहे ते बघा.