लेनोरचा मंगळवार

सरकारी लिफाफा उघडायचा नाही, ही त्या डोंगरातली रीत होती. लिफाफ्यावर राज्याचा शिक्का दिसला की तो न उघडता चुलीमागे टाकायचा. पहिल्या थंडीत चूल पेटवायला तोच कागद कामाला यायचा. वेंडेल आणि लेनोर १९७५ साली सॅन फ्रान्सिस्को सोडून रेडवुडच्या उंच झाडांच्या त्या दरीत राहायला आले आणि ही रीत त्यांना पहिल्याच हिवाळ्यात कळली. तेव्हा गांजा लावणं म्हणजे तुरुंग होता, आणि दरीत गांजा लावत नाही असं घर नव्हतं.

पुढे कायदा बदलला. राज्याने गांजासाठी वेगळं खातं काढलं. परवाना घ्या, प्रत्येक रोपाला नंबरचा टॅग लावा आणि उजळ माथ्याने विका, असं खातं सांगू लागलं. दरीतले निम्मे लोक हसले. लेनोर मात्र पहिल्याच महिन्यात जाऊन परवाना घेऊन आली. तेव्हापासून ती जेवणाच्या टेबलावर बसून सुरीने एकेक लिफाफा उघडायची आणि मोठ्याने वाचून दाखवायची. वेंडेल भांडी घासत ऐकायचा. वाचणं तिचं काम आणि पाणी घालणं त्याचं, असं ठरूनच गेलं होतं.

फेब्रुवारीत लेनोर गेली. मार्चमध्ये खात्याचा लिफाफा आला. वेंडेलने तो चुलीमागे टाकला. जाणूनबुजून नाही. चाळीस वर्षांची सवय हाताला होती, हाताने ते केलं.

एप्रिलमध्ये खात्याची बाई फोन करून स्वतःच आली. मिस वँग, तिशीची, शहरी बुटांना चिखल. तिने पायरीवर बसून समजावलं. परवाना लेनोरच्या नावावर होता. नवऱ्याला तो पुढे चालवता येतो, पण मृत्यूनंतर चौदा दिवसांत अर्ज करावा लागतो. तसं पत्र पाठवलं होतं.

"पत्र आलं होतं," वेंडेल म्हणाला. "चुलीमागे आहे."

"उघडलं नाहीत?"

"तुमची पत्रं ती उघडायची."

मिस वँगने मांडीवरची फाईल उघडली. मग म्हणाली, "मिस्टर टॅगार्ट, परवाना संपला. टॅग लावलेली एकतीस रोपं आहेत. ती माझ्यासमोर कापावी लागतील."

वेंडेलला विक्रीची फिकीर नव्हती. ती सगळी रोपं एकाच वाणाची होती आणि त्याचा जीव त्या वाणात अडकला होता. दरीत त्या वाणाला 'लेनोरचा मंगळवार' म्हणत, कारण त्याचं बी पहिल्यांदा रुजलं तो मंगळवार होता. त्यानंतर तिने कधी बी धरलं नाही. जुन्या झाडाची फांदी तोडून लावायची, ती मोठी झाली की तिची फांदी लावायची, असं चाळीसहून जास्त वर्षं एकच झाड ती पुढे नेत आली होती. पान चुरडलं की संत्र्याच्या सालीचा आणि ओल्या लाकडाचा वास यायचा. तो वास जगात दुसरीकडे कुठे नव्हता.

"एक फांदी ठेवू द्या," तो म्हणाला.

"टॅग लागलेल्या झाडाचं पानसुद्धा बाहेर जाऊ शकत नाही. घरी सहा रोपं लावायची मुभा तुम्हाला आहे. पण ती दुसरीकडून आणायला हवीत."

"दुसरीकडे हे नाहीच."

"खातं पुढच्या वर्षीसाठी नवा मसुदा करतंय," ती म्हणाली. "चौदा दिवसांची मुदत वाढवावी असं आमच्यातल्याही काहींना वाटतं. अठरा मेला गावातल्या सभागृहात लोकांचं म्हणणं ऐकणार आहोत. तुम्ही या आणि बोला."

"कायदा येईल तेव्हा रोप कुठे असेल?"

मिस वँग पायरीवरून उठली आणि तिने टॅगच्या नंबरांची यादी काढली.

रोपं त्याने स्वतः कापली, लेनोरच्या कात्रीने. मिस वँग एकेक नंबर वाचून खूण करत होती. कापताना त्याला पोलिसांच्या हेलिकॉप्टरचे दिवस आठवत होते. तेव्हा ऑगस्ट लागला की लेनोर झाडांना नाताळातले लाल गोळे बांधायची, वरून टोमॅटोचा वाफा दिसावा म्हणून. एका वर्षी पोलिसांनी खाली उतरून सगळं उपटलं आणि जाताना एक गोळा तिच्या हातात दिला. "बाई, टोमॅटो छान आलेत," म्हणाले. ती तोंडावर हात ठेवून हसली होती. त्या वर्षीही दुसऱ्या दिवशी शेजारणीने मंगळवारची एक कुंडी आणून दिली. प्रत्येक घर आपली एक कुंडी दुसऱ्याच्या स्वयंपाकघरात ठेवायचं आणि दुसऱ्याची आपल्याकडे. कोणाचं सगळं गेलं तरी त्याचा वाण टिकून राहायचा. कायदा आला तशी ती ठेव बंद पडली. ज्याने त्याने आपापली कुंडी परत नेली. वेंडेल तरी तसंच समजत होता.

शनिवारी डेल्फिना आली. पलीकडच्या उतारावर राहणारी, सत्तरी ओलांडलेली, गुडघ्यांची तक्रार आणि तोंडाचा पट्टा दोन्ही चालू. एका हातात एन्चिलाडाचं, म्हणजे सारण भरलेल्या मेक्सिकन पोळ्यांचं ताट, दुसऱ्या हातात कापडाने झाकलेली कॉफीची बरणी.

"रोपं कापल्याची बातमी कालच लागली मला," ती म्हणाली. "तोंडाने सांगायचं तरी होतंस, म्हाताऱ्या."

"काय सांगायचं?"

तिने कापड काढलं. बरणीत वीतभर रोप होतं, एका बाजूला कललेलं. वेंडेलने पान चुरडलं आणि हात नाकाशी तसाच धरून उभा राहिला.

"टॅग लागायच्या आदल्या हिवाळ्यात आणून ठेवलं होतं तिने," डेल्फिना म्हणाली. "दर मार्चला यायची आणि माझ्या स्वयंपाकाच्या ओट्यापाशी उभी राहून याचीच नवी फांदी लावायची."

"मार्चमध्ये ती तुझ्याकडे पत्ते खेळायला यायची."

"पत्तेही खेळायचो. हरायची." डेल्फिना खुर्चीत बसली. "यंदा आली नाही. मग मीच लावल्या. दोन मेल्या. ही तिसरी. माझ्या हाताला गुण नाही, असं ती नेहमी म्हणायची."

"मला का नाही सांगितलं तिने?"

"ठेव कुठे आहे ते घरात सांगायचं नसतं. विसरलास?"

वेंडेलने त्याच दिवशी मिस वँगला फोन केला. लपवायचं त्याच्या मनातही आलं नाही. लपवून आता कोणासाठी ठेवायचं होतं? तिने विचारलं, याला टॅग कधी होता का? नव्हता. त्या बाईकडे घरगुती रोपं सहाच्या आत आहेत? तीन आहेत. फुकट दिलं?

"फुकट. वर एन्चिलाडा."

"एन्चिलाडाबद्दल आमचा नियम नाही," मिस वँग म्हणाली. "रोप तुमचं, मिस्टर टॅगार्ट."

अठरा मेला तो सभागृहात गेला. खात्याची पाच माणसं लांब टेबलामागे बसली होती. प्रत्येकाला तीन मिनिटं होती. लोक कागद वाचून दाखवत होते. वेंडेलकडे कागद नव्हता.

"चौदा दिवस ज्याने लिहिलं त्याच्यावर माझा राग नाही," तो म्हणाला. "पण चौदा दिवसांत मी तिचे बूटही दारातून हलवले नव्हते. अजून तिथेच आहेत. तुम्ही नव्याने लिहिणारच आहात, तर घरात बूट किती दिवस राहतात ते कोणाला तरी विचारा आणि तेवढे दिवस लिहा."

त्याला तीन मिनिटं लागली नाहीत. टेबलाच्या टोकाला मिस वँग मान खाली घालून लिहीत होती.

उन्हाळ्यात खात्याचा लिफाफा आला. त्याने टेबलावर बसून सुरीने उघडला. मसुदा होता. चौदाच्या जागी एकशे वीस दिवस सुचवले होते, अजून मंजूर व्हायचे होते. त्याने तो मोठ्याने वाचला, शेवटच्या ओळीपर्यंत.

पुढच्या मार्चमध्ये मंगळवार कमरेएवढा झाला होता. वेंडेलने त्याची एक फांदी लावली, मुळं धरली तशी ती कॉफीच्या बरणीत घातली आणि कापड झाकून पलीकडचा उतार चढला.

डेल्फिनाने दार उघडलं. "आता हेलिकॉप्टर येत नाही रे."

"माहीत आहे."

"मग हे कशाला?"

त्याने बरणी ओट्यावर खिडकीजवळ ठेवली. लाकडावर तिथे जुना गोल डाग होता. बरणी त्यात बरोबर बसली.

"पत्ते काढ," तो म्हणाला.