नवा केलेला जुना उंट

मित्रांनो, मी एक जुना कापडी उंट आहे. माझ्याकडे पाहून तुम्हाला हे पटणार नाही. माझा रंग तजेलदार आहे, मान ताठ आहे, डोळ्यांची बटणं लखलखताहेत. पण वयाने मी तुमच्या आजोबांच्या बरोबरीचा आहे. हे नवेपण माझ्या नशिबी कसं आलं, ते मला सांगायचं आहे. गोष्ट आनंदाची नाही, तेव्हा मध्ये कुठे हसू आलं तर तिथेच हसून घ्या.

माझा जन्म एका शिंप्याच्या दुकानात झाला. कुणा गिऱ्हाइकाने शिवायला टाकलेला तपकिरी कोट परत नेलाच नाही. दोन वर्षं वाट पाहून शिंप्याने तो उसवला आणि आपल्या आजारी मुलीसाठी खेळणं शिवायला घेतलं. करायचा होता घोडा. पण मान जरा लांबली, पाठीवर कापड गोळा झालं आणि घोड्याचा उंट झाला. "उंट तर उंट! तिला कुठे स्वारी करायची आहे?" असं म्हणून त्याने माझ्या पोटात दुकानातल्या चिंध्या ठासून भरल्या. सगळ्या गल्लीच्या कपड्यांची कातरणं माझ्या पोटात होती.

त्या मुलीला घरी छकुली म्हणत. सहा महिने ती अंथरुणाला खिळून होती. औषध कडू लागलं की ती माझा डावा कान चावायची. चावून चावून तिने त्याचा पार चोथा केला. तिची आई उशाशी बसून माझ्या गोष्टी सांगायची. त्या गोष्टींतला उंट आपला कोट विसरून गेलेल्या गिऱ्हाइकाला शोधत गावोगाव हिंडायचा. आईने त्या गोष्टी मापांच्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून ठेवल्या. पुढे त्यांचं पुस्तक झालं, आणि ते पुस्तक घरोघरी गेलं. मुलं मला पाहायला येऊ लागली. "हाच का तो?" असं विचारून हळूच मला बोट लावायची. खोटं कशाला बोलू, त्या दिवसांत मी हरभऱ्याच्या झाडावर चढून बसलो होतो.

वर्षं गेली. शिंपी गेला, त्याची बायको गेली. छकुलीचं लग्न झालं, मुलगा झाला, केस पिकले. मग तिची नजर गेली. डॉक्टर म्हणाले, डोळ्यांमागची नस सुकली आहे, आता उपाय नाही. तेव्हापासून रोज दुपारी ती मला मांडीवर घ्यायची आणि बोटांनी माझा एकेक टाका चाचपायची. मग नाक माझ्या पाठीत खुपसायची. घरातल्या बाकीच्या वस्तू तिला एकेक करून परक्या झाल्या होत्या. मी तेवढा ओळखीचा उरलो होतो.

अशात पुस्तकावर सिनेमा काढायचं ठरलं. दिग्दर्शक स्वतः घरी आले. मूळ उंटावरून नमुने बनवायचे होते, म्हणून त्यांनी मला मागितलं. छकुलीला आनंदही झाला आणि भीतीही वाटली.

"न्या. आईच्या गोष्टी पडद्यावर येताहेत, मी नाही कशी म्हणू? पण जसा नेताय तसाच परत आणा हं. माझं आता एवढंच उरलंय."

"तीन महिन्यांत, आजी. अगदी जसाच्या तसा," असं म्हणून दिग्दर्शक मला पिशवीत घालून घेऊन गेले.

सिनेमावाल्यांची तऱ्हा मला तिथे कळली. शिवणाऱ्या बाईंनी माझ्यासारखे सहा उंट शिवले. एक पाण्यात पडायला, एक छपरावरून पडायला, बाकीचे असेच कुठेकुठे. तिथे एक गृहस्थ होते, त्यांचं कामच नव्या वस्तू जुन्या करायचं. सगळे त्यांना जुनाटकाका म्हणत. चहाचं पाणी, राख आणि घासकागद एवढ्यावर ते सकाळचा नवा उंट दुपारपर्यंत साठ वर्षांचा करत. मला समोर ठेवून त्यांनी एका उंटाचा कानसुद्धा अस्सा कुरतडला, की मीच क्षणभर स्वतःचा कान आठवून पाहिला.

मग दिग्दर्शकांच्या मनात आलं, पहिल्या प्रसंगात अस्सल उंटच हवा. शिंपी मशीनवरून उंट उचलतो, कॅमेरा जवळ जातो. तिथे खोटं चालणार नाही! पण त्या प्रसंगात उंट नुकताच शिवलेला आहे, म्हणजे तो नवा दिसला पाहिजे. बाजूला सहा नवे उंट ठेवलेले असताना जुन्याला नवा करायला निघालेली ही माणसं. उंटावरून शेळ्या हाकणारे मी ऐकून होतो, इथे उंटच हाकला जात होता.

शिवणाऱ्या बाई म्हणाल्या, "साहेब, हा एकदा उसवला की संपला. आजींना विचारा तरी."

आजींना कुणी विचारलं नाही, त्यांच्या मुलाला फोन केला. मुलगा वाईट नव्हता. त्याला वाटलं, आईला नवाकोरा उंट देऊन चकित करू. "करा की. फाटलाच होता तो. आईला मात्र आत्ताच सांगू नका," तो म्हणाला.

मला उसवलं. धुतलं, रंगवलं, नवा कान लावला, नवी बटणं लावली. पोटात पांढराशुभ्र कापूस भरला. जुन्या चिंध्या जुनाटकाकांनी उचलल्या. "फेकू नका. असा वास मला चहाच्या पाण्यातून काढता येत नाही," असं म्हणत त्यांनी त्या शेवटच्या प्रसंगातल्या उंटात भरल्या. तो उंट तेव्हा तीन आठवड्यांचा होता.

सिनेमात मी सहा सेकंद दिसतो.

तीन महिन्यांचे आठ महिने झाले. शेवटी छकुली मुलाचा हात धरून स्वतःच आली. "माझा उंट द्या," एवढंच म्हणाली. बाईंनी मला आणून तिच्या हातात ठेवलं. किती वाट पाहिली होती मी! तिची बोटं माझ्या कानावर गेली आणि थबकली. तिने नाक लावलं. मग मला टेबलावर ठेवून दिलं, पाहुण्याचं मूल खाली ठेवावं तसं.

"हा कोण? याला साबणाचा वास येतोय."

जवळच माझ्या चिंध्या भरलेला तो दुसरा उंट होता. चाचपडताना तिचा हात त्याच्यावर पडला. तिने त्याला उचललं, पाठीत नाक खुपसलं आणि ती रडायला लागली. "हा काय माझा! अगं बाई, किती वाळलास रे."

बाईंना राहवलं नाही. "आजी, तो नव्हे हो. आम्ही तुमचा उंट नवा केलाय. हाच तुमचा."

छकुलीने हातातला उंट घट्ट धरला. तिने मान वळवली. "बाळा, तू सांग. तुला तर दिसतंय. माझा कुठला?"

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मग आईच्या कुशीतल्या उंटाकडे पाहिलं. खरं सांगायचं, तर आपण होकार दिला हेही सांगावं लागलं असतं.

"तुझ्या हातात आहे तोच, आई," तो म्हणाला.

जाताना मुलगा बाईंना हळूच म्हणाला, "उद्या बोलतो तिच्याशी," आणि ती दोघं निघून गेली. ओरडायला मला तोंड नव्हतं. ज्याच्याकडे होतं त्याने ते खोटं बोलायला वापरलं.

आता मी चित्रपटगृहाच्या दालनात काचेच्या कपाटात असतो. पायाशी चिठ्ठी आहे, 'चित्रीकरणासाठी बनवलेली प्रतिकृती'. मुलं ती वाचतात आणि म्हणतात, "हॅ, हा खोटा आहे." तसं त्यांचं चुकत नाही. कोट तेवढा माझा आहे. पोट त्याच्याकडे आहे, आणि माणूसही त्याच्याचकडे गेलं.

मित्रांनो, तुमच्या घरी कुणाचं काही मळकं, फाटकं, वास येणारं असेल, तर त्याला हात लावण्याआधी ते ज्याचं आहे त्याला विचारा. त्याच्या भल्यासाठी म्हणूनसुद्धा परस्पर काही करू नका. आणि चूक झालीच तर त्याच दिवशी बोला. उद्या बोलू म्हणणारा मुलगा मी पाहिला आहे. मी बरेच दिवस त्याची वाट पाहत होतो.

गेल्या महिन्यात शिवणाऱ्या बाई मला पाहायला आल्या आणि पदराने काच पुसू लागल्या. पुसता पुसता म्हणाल्या, "गेल्या रे तुझ्या आजी. शेवटपर्यंत उंट कुशीत होता म्हणे." त्या उंटाबद्दल माझी तक्रार नाही. त्याने तिला नीट सोबत केली असेल. फक्त तो मी नव्हतो.