अण्णांच्या हाताची थरथर

“ताई, फोन तयार आहे ना? आयत्या वेळी घोळ नकोय मला,” कोटाचं बटण लावत साहेब म्हणाला.

“तयार आहे. तुम्ही सांगितलंत अगदी तस्साच,” ताई म्हणाली आणि फोन तिनं त्याच्या तळहातावर ठेवला.

यात खोटं काहीच नव्हतं, म्हणूनच तर बोलताना मजा आली. तोंडावर ‘अहो साहेब’ म्हणायची सवय होती, पण मनातल्या मनात तिनं त्याला केव्हाच अरेतुरेवर आणलं होतं.

ते दोघं रंगमंचाच्या कडेला, पडद्याआड उभे होते. बाहेर सभागृह गच्च भरलं होतं. नव्या फोनची गंमत अशी, की त्याला बोट लावायची गरज नव्हती. पुढे कलवला की पान खाली सरकायचं, मागे कलवला की वर, आणि मनगटाला हलका झटका दिला की आधीचं पान हजर. बाजारात येण्याआधी तो लोकांच्या हातात देऊन बघायचा, हे ताईचं काम. ती चेहरे विसरायची, पण एकदा पाहिलेला हात विसरायची नाही.

साहेबाचा हातही तिनं पाहून ठेवला होता. खोलीत एकटा असला की दगडासारखा स्थिर. समोर माणसं बसली की थरथरायला लागायचा. मग तो हात खिशात घालायचा, नाहीतर कप दोन्ही हातांनी धरायचा. आपलं गुपित कुणाला माहीत नाही, अशी त्याची समजूत होती. आज हाच फोन, हाच हात, आणि मागे भिंतीएवढा पडदा. फोनमधलं पान हललं की तिथलंही हलणार. चांगली जिरणार होती.

थरथर गाळून टाकायची सोय फोनमध्ये होती. ताईनंच हट्टानं करून घेतली होती, अण्णांसाठी. अण्णा म्हणजे तिचे वडील. जन्मभर दुकानांच्या पाट्या रंगवल्या त्यांनी. डाव्या हातात काठी आडवी धरायची, तिच्यावर उजवं मनगट टेकायचं आणि एका दमात रेघ ओढायची. पट्टी लावून बघावी इतकी सरळ. उतारवयात तोच हात कापायला लागला. शेवटच्या पाटीवरची अक्षरं पाहून दुकानदार हसला आणि त्यानं त्यावर छापील फलक ठोकला. तेव्हापासून अण्णांनी ब्रश उचलला नाही.

म्हणून ताईनं त्यांच्या हातात फोन दिला. रोज संध्याकाळी ते कलवून कलवून बातम्या वाचायचे, आणि त्यांच्या हाताची हालचाल फोन टिपून ठेवायचा. पुढे तपासणीत ती चालवली, की हात नसतानाही पान तसंच हलायचं. त्या हालचालींवरूनच थरथर गाळायची सोय बसवली गेली. “बघ गं, माझा हात सुधारला!” अण्णा म्हणाले होते. लहान पोरासारखे खूश झाले होते.

मग ती त्यांना ऑफिसात घेऊन गेली. सोय बंद असताना काय होतं ते आधी दाखवू, मग चालू करू, असं ठरलं होतं. अण्णांनी फोन धरला आणि पान वरखाली नाचायला लागलं.

“अरे बापरे, भूकंप!” साहेब ओरडला. सगळी खोली खो खो हसली. चालू करून दाखवायची वेळच आली नाही. “ताई, आपला फोन तरण्या लोकांसाठी आहे हो. या सोयीनं पान अडखळतं. बंद करून टाका.”

अण्णाही हसले होते, सगळ्यांसोबत. जिन्यात मात्र त्यांनी हात खिशात घातला, तो घरी येईपर्यंत काढला नाही. फोनला परत हात लावला नाही. पुढच्या हिवाळ्यात गेले. ते हसणं ताईच्या जिव्हारी लागलं होतं. आजच्या दिवसाची तिनं किती वाट पाहिली होती!

साहेब रंगमंचावर गेला. टाळ्या झाल्या. त्यानं फोन पुढे कलवला, आणि भिंतीवरचं पान थरथरायला लागलं. वर, खाली, परत वर. मनगट आपोआप झटकलं गेलं आणि भलतंच पान आलं. साहेबाच्या तोंडचं पाणी पळालं.

सभागृहात आधी खुसखुस झाली, मग हशा उसळला. ताईला गारगार वाटलं. भोग आता, ती मनात म्हणाली.

साहेब हसल्यासारखं करत पडद्याआड आला. माथ्यावर घाम.

“ताई, ते… ते चालू करा ना. पटकन!”

“पान अडखळतं म्हणाला होतात.”

“आत्ता तो विषय नको हो! हसतायत सगळे.”

“माझे वडील आले होते, तेव्हाही हसत होते.”

साहेबानं चमकून तिच्याकडे पाहिलं. त्याला आठवलं होतं, हे त्याच्या तोंडावर दिसलं. बाहेरून कुणीतरी ओरडलं, “भूकंप संपला का?” आणि हशाची दुसरी लाट आली. साहेबानं नकळत डावा हात आडवा धरून त्यावर उजवं मनगट टेकवलं. रेघ ओढताना अण्णा काठीवर मनगट टेकायचे, अगदी तसं.

ताईची नजर त्या मनगटावर खिळली. तिला त्याची दया आली नाही, त्याचं तोंड पाहावंसंही वाटत नव्हतं. पण बाहेरची माणसं साहेबाला ओळखत नव्हती. ती हसत होती एका कापऱ्या हाताला. आणि त्यांना हसवायचं काम आज तिनं केलं होतं.

तिनं फोन ओढून घेतला, सोय चालू केली आणि परत दिला.

“सॉरी, ताई,” तो पुटपुटला.

“मला काय सांगताय? ज्यांना सांगायचं ते राहिले नाहीत,” ती म्हणाली. “जा.”

पडद्यावरचं पान आता सरळ रेषेत खाली सरकलं. टाळ्या पडल्या. ताई मागच्या दारानं निघून गेली.

घरी आल्यावर तिनं कपाटातून अण्णांचा फोन काढला. हातात धरला, तर पान जागचं हललं नाही. तिचा हात स्थिर होता. मग तिनं अण्णांच्या हाताची टिपलेली हालचाल शोधली, थरथर गाळायची सोय बंद केली, ती हालचाल चालवली आणि फोन टेबलावर ठेवून समोर बसली.

फोनला कुणाचाच हात लागलेला नव्हता. पान वरखाली होत राहिलं.