पानोपानी सही

धाकटा त्या शहरात अकरा वर्षं जात होता आणि अकरा वर्षांत त्याला ते शहर एक दिवसही आवडलं नव्हतं. दरवर्षी एक फेरी, तीन दिवसांची, सोबत रबरी कड्यांच्या नमुन्यांची पेटी. बाटल्या भरणाऱ्या यंत्राच्या तोंडाशी ही कडी बसतात, म्हणजे थेंब गळत नाही. कारखाना दादाचा, म्हणजे दोघा भावांचा, निदान धाकटा तरी तसंच धरून चालला होता. आणि कडं मात्र शंभर टक्के धाकट्याचं. दोन वर्षं साच्यापाशी हात पोळून घेऊन, रबराच्या वासानं जेवण नकोसं होईपर्यंत खपून त्यानं ते जमवलं होतं. त्याच कड्यावर त्या परदेशी शहरातली कंपनी भाळली आणि कारखान्याला बरे दिवस आले.

पण शहर म्हणाल तर, देवा रे. रस्ता रिकामा असला, लांबलांबवर एक गाडी नसली तरी माणसं लाल दिव्यासमोर खांबासारखी उभी. ट्राममध्ये चाळीस माणसं आणि आवाज म्हणाल तर नुसता चाकांचा. हॉटेलात अकरा वर्षं तोच माणूस किल्ली देतो, पण घरी कोण कोण असतं, मुलं काय करतात, एका शब्दानं विचारेल तर शपथ. पहिल्या वर्षी धाकट्यानं आपण होऊन त्याला बायकोचा फोटो दाखवला, तर त्यानं तो नीट पाहिला, आभार मानले आणि नाश्त्याची वेळ सांगितली. या लोकांना काळीज दिलंय की नुसतं घड्याळच बसवलंय, असं धाकटा घरी येऊन सांगायचा.

आणि कळस म्हणजे कंपनीतलं ते वाचन. तिथली रीतच होती तशी. बैठक सुरू व्हायच्या आधी टेबलावर प्रत्येकासमोर एक फाइल यायची. कड्यांच्या व्यवहाराबद्दल वर्षभरात कंपनीकडे आलेलं आणि कंपनीनं पाठवलेलं प्रत्येक पत्र तिच्यात लावलेलं. काहीही वगळायचं नाही, काहीही लपवायचं नाही. अर्धा तास सगळ्यांनी गप्प बसून ते वाचायचं, वाचलेल्या पानाखाली छोटी सही करायची, मग तोंड उघडायचं. मधोमध बसायची खरेदी विभागाची मुख्य बाई. तिचं नाव धाकट्यानं हेडबाई ठेवलं होतं.

धाकटा कशाला वाचतोय? पत्रं लिहिणारा दादा, म्हणजे आपलाच माणूस. दादानं लिहिलेलं तपासायचं म्हणजे त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखं. तो पहिल्या दोन मिनिटांत सटासट सह्या ठोकायचा आणि उरलेला वेळ टेबलाखाली मोबाइल बघत काढायचा. घरी आल्यावर जेवताना या वाचनाची नक्कल व्हायची. हेडबाईसारखी मान खाली घालून, ओठ मुडपून धाकटा पान उलटायचा आणि वहिनी ठसका लागेपर्यंत हसायची. दादाही हसायचा.

या वर्षीची फेरी वेगळी होती. निघताना दादानं खांद्यावर हात ठेवून सांगितलं होतं, एवढा करार करून ये, मग मागच्या जागेत नवी शेड घालू आणि ती तू बघ, तुझ्या पद्धतीनं. धाकटा पन्नाशीला आला होता. आयुष्यभर दादाच्या सावलीत काम करून स्वतःचं म्हणावं असं काहीतरी पहिल्यांदा मिळणार होतं. बायकोला त्यानं विमानतळावरूनसुद्धा शेडचंच सांगितलं, खिडक्या कुठे घ्यायच्या, साचे कुठे मांडायचे. ती नुसती हूं म्हणाली. तिचा दादावर फारसा जीव नव्हता, त्यामुळे त्यानं ते मनावर घेतलं नाही.

कंपनीच्या दारात यंदा नवा नियम निघाला होता, मोबाइल बाहेर ठेवायचे. झालं. सह्या दोन मिनिटांत उरकल्या आणि पुढे अठ्ठावीस मिनिटं हात मोकळे. त्यानं छत पाहिलं, समोरच्या माणसाचं टक्कल पाहिलं, हेडबाईचा पांढरा कप पाहिला. शेवटी वैतागून फाइल ओढली आणि जिथं उघडली तिथून वाचायला लागला.

पत्र दादाचंच होतं. सरळ, स्वच्छ, दादा लिहितो तसं. धाकटा भाऊ यंदा शेवटचा येतोय. त्याची सही झाली की तो धंद्यातून मोकळा होईल. कड्याचे हक्क गेल्या वर्षीच्या कागदानुसार माझ्या मुलाकडे आलेच आहेत, पुढच्या वर्षापासून तोच येईल. भाऊ हळवा आहे, तरी बैठकीत हा विषय तोंडी काढू नये ही विनंती.

त्यानं ते दोनदा वाचलं. मग मागच्या वर्षीची फाइल मागितली, मग त्याच्या मागची, मग त्याहून मागची. तिथल्या कारकुनानं मुकाट्यानं आणून दिल्या. तीन वर्षांपूर्वी पुतण्याचं नाव पहिल्यांदा आलेलं होतं. गेल्या वर्षी कड्याच्या आराखड्यावरून त्याचं स्वतःचं नाव काढलेलं होतं, 'मूळ आराखडाकाराच्या संमतीनं'. आणि प्रत्येक पानाखाली, कोपऱ्यात, त्याची ती ऐटबाज सही. हात पोळून बनवलेलं कडं त्यानं स्वतःच, हसत हसत, पुतण्याच्या हाती दिलं होतं. त्याला इतकी लाज वाटली की कानशिलं तापली.

“हे तुम्ही मला सांगितलं का नाही?” त्यानं हेडबाईला विचारलं. अर्ध्या तासात कुणी बोलायचं नसतं, पण ती रागावली नाही.

“सांगितलं ना. तुमच्यासमोर ठेवलं,” ती म्हणाली. “तुमची सही बघून दर वर्षी मी थांबायचे, आता तुम्ही काही बोलाल. तुम्ही विनोद सांगायचात. मला वाटलं, घरात ठरलेलं असेल.”

तिच्या आवाजात अवघडलेपण होतं. अकरा वर्षं ज्यांना तो दगड म्हणत आला त्यांनी त्याच्यापासून एक ओळही लपवली नव्हती. आणि ज्याच्या ताटातला घास खाऊन तो मोठा झाला त्यानं गळा कापला होता. धाकट्याला तिथंच रडू फुटलं असतं, पण त्यानं ओठ दाबून धरले आणि फोन करायला म्हणून बाहेर आला.

दारातून मोबाइल घेऊन त्यानं नंबर लावला. दादानं लगेच उचलला. जेवलास का, थंडी आहे का, सही झाली का, सगळं नेहमीच्या मायेनं विचारून झालं.

“दादा, मी फाइल वाचली.”

“तू वाचलीस?” दादा म्हणाला.

नुसतं आश्चर्य. चोरी उघडी पडल्याची भीतीही त्यात नव्हती. मग दादानं समजावायला घेतलं. पोरगा मोठा झालाय, त्याला काहीतरी हातात द्यायला हवं. दोन चुली एका छपराखाली किती दिवस चालणार. तुला उपाशी ठेवणार नाही. वहिनीलाही पटलंय. आता तिथं तमाशा करू नकोस, सही करून ये, घरी बसून बोलू.

धाकट्यानं सगळं ऐकून घेतलं. एकच गोष्ट त्याला टोचत होती. पोरगा चांगला शिकलेला होता, भाषा फाडफाड बोलायचा, तीन वर्षांपूर्वीच त्याला इकडे धाडता आलं असतं.

“मग दर वर्षी मला कशाला पाठवत होतास?”

“त्यांना तुझीच सही लागायची,” दादा म्हणाला. आवाज चढला नव्हता की पडला नव्हता. “आणि तू वाचत नाहीस हे तूच तर सांगायचास. दुसरं कोण असं न वाचता देणार होतं?”

धाकट्यानं फोन बंद केला आणि दारातल्या माणसाच्या हातात परत दिला. आत सगळे फाइली मिटून त्याचीच वाट बघत बसले होते. करार त्याच्या जागेसमोर सरकवून ठेवला होता, वर उघडं पेन.

त्यानं पेनाला टोपण लावलं. आज सही होणार नाही, म्हणाला, आणि अकराच्या अकरा वर्षांच्या फाइली मागितल्या. हेडबाईनं भिंतीवरचं घड्याळ पाहिलं आणि दुपारच्या विमानाची आठवण करून दिली.

“जाऊ दे ते,” धाकटा म्हणाला. “घरी जायची घाई नाही आता.”