शेवटचे दोन फर्मे

पुस्तकांच्या दुकानात शिरलं की माणसं पुस्तक उघडतात आणि वाचतात. वहिनी पुस्तक उघडायची, पानांच्या मधल्या घडीत नाक खुपसायची आणि पुस्तक परत ठेवून द्यायची. शनिवारी चार दुकानं झाली, रविवारी सकाळी हे पाचवं. दोन दिवस शहरातली पुस्तकांची दुकानं पालथी घालायची, ही कल्पना नणंदबाईंची. त्या शिक्षिका, पुस्तकांचा नुसता वास आला तरी त्यांची भूक भागते. पण वहिनीला सोबत आणून त्या पस्तावल्या होत्या. लोक बघतायत, निदान नाव तरी वाचल्यासारखं कर, असं त्यांनी दोनदा कानात सांगून पाहिलं.

वहिनीला नाव वाचायचंच नव्हतं. घरच्या मागच्या खोलीत बसून सव्वीस वर्षं तिने पुस्तकं शिवली होती. छापखान्यातून घड्या घातलेले कागद यायचे, सोळा-सोळा पानांचे फर्मे. दाभणाने भोकं पाडायची, मेण लावलेल्या दोऱ्याने फर्मे एकमेकांना शिवायचे, की गठ्ठे परत रवाना. पुढे त्यांचं काय झालं, कळायची सोय नाही. सासरी गेलेली मुलगी निदान फोन तरी करते.

आता छापखान्याच्या मालकाने पानं चिकटवायचं यंत्र आणलं होतं. माणूस वाईट नव्हता. सोमवारपासून यंत्रावर ये म्हणाला, आणि जाता जाता वर एवढंच, की शिवलेलं काय न् चिकटवलेलं काय, बघतो कोण? ते वाक्य वहिनीच्या मनात सलत होतं. आपला टाका टिकला का, ते सोमवारच्या आत तिला डोळ्यांनी बघायचं होतं. नसेल टिकला, तर मुकाट्याने यंत्रावर बसायचं.

पाचवं दुकान जुन्या पुस्तकांचं होतं, दोघी शेजारी चालल्या तर खांदे घासतील इतकं चिंचोळं. गल्ल्यावरच्या काकांपुढे एक जाडजूड शब्दकोश पडला होता. वहिनी जागीच थबकली. साठ फर्म्यांची ती जाडी तिच्या ओळखीची होती, बावीस वर्षांपूर्वी तिनेच शिवलेली. पुठ्ठा नवा दिसत होता, पानांचे कोपरे मात्र झिजून गोल झालेले.

तिने हात पुढे केला तसं काकांनी सांगून टाकलं, की तो विकायचा नाही, दिवसातून दहादा लागतो.

"विकत नकोय मला," वहिनी म्हणाली. "शेवटचे दोन फर्मे बघा. मधल्या घडीत निळा दोरा असेल."

काकांनी नणंदबाईंकडे पाहिलं. नणंदबाईंनी छताकडे.

"पांढरा संपला होता आणि टेम्पो दारात उभा. मग लेकीच्या गणवेशाचा दोरा घेतला. चाळीस-पन्नास प्रतींना तरी लावला असेल. मालकाला अजून पत्ता नाही."

काकांनी चष्मा पुसला, कोश मागून उघडला. दोरा निळा होता. त्यांनी तो फर्मा चिमटीत धरून ओढून पाहिला. तसूभर हलला नाही.

"पुठ्ठा तीनदा बदलला मी," ते म्हणाले. "आतलं एक पान सुटलं नाही. मला वाटायचं, कुठल्यातरी मोठ्या कारखान्यातलं काम असेल."

"आमच्या मागच्या खोलीतलं," नणंदबाई म्हणाल्या. 'आमच्या'वर असा काही जोर दिला, जणू अर्धे टाके त्यांनीच घातले होते.

वहिनीने दोऱ्यावरून बोट फिरवलं. मळला होता, सैल पडला नव्हता.

काकांनी टेबलाखालून सात पुस्तकं काढली. सगळी नवी, चिकटवलेली, पानं गळायला लागलेली. ही शिवून मिळतील का, असं विचारत त्यांनी स्वतःची खुर्ची रिकामी केली. वहिनी ऐसपैस बसली. एकेक पुस्तक उलटंपालटं करून पाहिलं, पाच ठेवून घेतली, दोन परत सरकवली. या दोन्हींना समासच नाही, शिवलं तर ओळी घडीत जातील, आणि माझ्या हातचं पुस्तक वाचता आलं पाहिजे, असं तिने बजावलं.

कधी मिळतील, काकांनी अदबीने विचारलं.

"उद्या त्या यंत्राला नाही म्हणून येते," वहिनी म्हणाली, "मग हात मोकळेच आहेत."