तीन पावलांवरून

"हलू नकोस. हनुवटी जरा खाली. हं, आता हस."

"हसू कशाला? हसण्यासारखं काय झालंय?" असं म्हणून बायकोने दात उपटायला बसवल्यासारखं तोंड केलं. क्लिक झालं. फोटोत डोळे मिटलेले.

ओळखपत्र विभागात तीस वर्षं हजारो चेहरे टिपलेल्या माणसाला घरच्या या एका चेहऱ्यापुढे कायम हात टेकावे लागत. ऑफिसात त्यांना सगळे 'तीनपावले' म्हणायचे. त्यांच्या छोट्या डिजिटल कॅमेऱ्याची लेन्स फिक्स, झूम नाहीच. फार जवळ गेलं की नाक भलंमोठं, लांब राहिलं की चेहरा वाटाण्याएवढा. म्हणून माणसाला खुर्चीत बसवून ते मोजून तीन पावलं मागे यायचे आणि तिथूनच त्याच्याशी दोन शब्द बोलायचे. बोलता बोलता घाबरलेला माणूसही सैलावायचा. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी तो कॅमेरा त्यांनाच देऊन टाकला.

आता लेकीने नवं घर घेतलं होतं. "बाबा, दिवाणखान्यात मला आईचा एक धड फोटो लावायचाय. इतक्या वर्षांत डोळे उघडे असलेला एक तरी काढलात का?" म्हणून तिने झूमवाला कॅमेराच पाठवून दिला. "लांबून काढा. तिला पत्ता लागू देऊ नका. आणि शनिवारपर्यंत पाठवा, रविवारी माणसं यायची आहेत."

झूमबद्दल तीनपावल्यांचं मत काही बरं नव्हतं. आळशांची सोय, पाय कशाला दिलेत मग, असं ते चारचौघांत म्हणत. पण लेकीपुढे त्यांचं काही चालत नसे.

शनिवारी सकाळी बायको खिडकीशी जुना स्वेटर उसवत बसली होती. स्टुलावर मोबाइल, मांडीवर लोकरीचा गुंडा, गालावर ऊन. तीनपावले पॅसेजच्या टोकाला कपाटाआड चोरासारखे उभे राहिले. बटण दाबताच लेन्सची नळी घुर्र करत बाहेर आली, तसे ते चरकले. झालं, आता ही मान वळवणार. पण ती आपली उसवतच राहिली. नशीब चांगलं म्हणत त्यांनी झूम वाढवला आणि बायको एकदम हाताच्या अंतरावर आली. कानामागची पांढरी बट, धागा सुटेना म्हणून दुमडलेला ओठ. किती गोड दिसते ही अजून, त्यांच्या मनात आलं. तेवढ्यात मोबाइल वाजला. लेकीचाच फोन असणार, आता हिचा चेहरा खुलेल, म्हणून त्यांनी पट्कन क्लिक केलं. फोटो असा आला, की आयुष्यात इतका चांगला त्यांनी कुणाचाच काढला नव्हता.

मोबाइल मात्र वाजतच होता. तिच्या कोपरापासून वीतभर अंतरावर. वाजून वाजून बंद पडला, आणि तिने हातातला धागा शांतपणे गुंड्यावर गुंडाळला.

तीनपावल्यांनी कॅमेरा खाली घेतला. वर्षभर ते कुरकुरत होते, की हल्ली ही माझ्या बोलण्याकडे लक्षच देत नाही. मागच्या महिन्यात न्हाणीघरातून टॉवेलसाठी हाका मारून घसा बसला, तेव्हा तर त्यांनी अबोलाच धरला होता. ते जाऊन तिच्या समोर उभे राहिले.

"लेकीचा फोन येऊन गेला," ते म्हणाले.

तिने मोबाइलकडे पाहिलं, मग त्यांच्या हातातल्या कॅमेऱ्याकडे. मग नजर त्यांच्या चेहऱ्यावर आणली.

"कधीपासून गं?"

"गेल्या थंडीपासून. तुम्ही असे समोर असलात की कळतं सगळं."

"मला सांगायचंस तरी."

"तुम्ही लगेच तिला सांगणार आणि ती सगळं टाकून धावत येणार. नव्या घरात चार दिवस सुखाने राहू दे की तिला. रविवार जाऊ दे, मग न्या मला डॉक्टरकडे."

"आणि मी खुळा, टॉवेलवरून दोन दिवस बोललो नाही तुझ्याशी."

"तीन," ती म्हणाली.

मोबाइल पुन्हा वाजला. या खेपेला त्यांनीच उचलला.

"जमला का हो बाबा?"

त्यांनी झूमवाल्या कॅमेऱ्यावरचा तो फोटो पुन्हा एकदा पाहिला. डोळे उघडे, ऊन नेमकं. पण तिला ऐकू आलं नाही म्हणून तो मिळाला होता. असा फोटो चार माणसांत भिंतीवर लावायला त्यांचं मन घेईना.

"हात हलला गं," ते म्हणाले. "थांब जरा, दुसरा काढतो."

त्यांनी जुना कॅमेरा आणला. मोजून तीन पावलं मागे गेले. हनुवटी खाली नाही, हस नाही. डोळ्याला कॅमेरा लावून नुसतं म्हणाले, "टॉवेल."

ती खळखळून हसली.

दुपारी लेकीचा निरोप आला. 'बाबा, परत डोळे मिटलेले. पण असू दे, हाच लावते.'

संध्याकाळी वर्तमानपत्र वाचायला ते गॅलरीतल्या आपल्या खुर्चीकडे गेले. क्षणभर थांबले. मग खुर्ची उचलून खोलीत आणली, बायकोच्या खुर्चीपासून तीन पावलं मोजली आणि तिच्याकडे तोंड करून मांडली.